हळू पळणारे सर

आमच्या खोऱ्यात मोठं माणूस रस्त्यानं पळताना दिसलं की लोक दारातून विचारतात, "कोण गेलं?" त्यात त्यांचं काही चुकत नाही. इथली मोठी माणसं तीनच कारणांनी पळतात. कोणीतरी गेलेलं असतं, कोणाला तरी साप चावलेला असतो, किंवा एसटी सुटत असते. काहीही झालेलं नसताना, निघालो तिथंच परत येण्यासाठी पळणारा माणूस राजगडाखालच्या आमच्या पाली गावानं सरांच्या आधी पाहिला नव्हता.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी गणित. ते मूळचे भाटघरचे. धरणाजवळ त्यांचं घर आणि थोडी शेती आहे. आठवडाभर ते पालीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की गावी जायचे. पन्नाशी ओलांडलेला, उंच, खांद्यात थोडा वाकलेला माणूस. दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावर पळण्याचं, उजव्या हातावर वेळेचं. पळण्याच्या घड्याळातही वेळ दिसते, हे मी त्यांना एकदा सांगितलं.

"दिसते, मॅडम," ते म्हणाले. "पण ते त्याचं काम नाही."

त्यांच्या पळण्याची सुरुवात राजगडावर झाली. शाळेची सहल वर नेताना मुलं पुढे गेली आणि सर पद्मावती माचीच्या अलीकडे एका दगडावर बसले ते उठेनात. चार मुलींनी ओढणीनं वारा घातला. खाली आल्यावर त्यांनी पळायचं ठरवलं आणि रोज सकाळी जीव खाऊन पळू लागले. महिन्याभरात गुडघा धरला. मग ते घड्याळ आलं. त्याच्या पोटाशी एक हिरवा दिवा होता. तो कातडीतून बघून छातीचे ठोके मोजायचा. घड्याळानं सरांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं की तुम्ही फार जोरात पळता. सरांनी ते ऐकलं. बायकोचं, डॉक्टरांचं आणि मुख्याध्यापकांचं न ऐकणारा माणूस मनगटावरच्या वस्तूचं ऐकायला लागला.

त्यानंतर ते इतके हळू पळू लागले की बघणाऱ्याला कळेना, याला पळणं म्हणायचं की नाही. पाय पळण्याचे पडायचे, पण चरायला निघालेल्या म्हशी त्यांना मागे टाकून जायच्या. सरांचा नियम असा होता की पळताना बोलता आलं पाहिजे. त्यासाठी ते भीमेच्या उपनद्या म्हणायचे. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा. नीरेपर्यंत श्वास पुरला तर वेग बरोबर. नाही पुरला तर आणखी हळू. पहाटे धुक्यातून उंच माणूस नद्यांची नावं घेत येतोय, हे पहिल्यांदा पाहिलेल्या एका म्हातारीनं त्याच दिवशी देवळात नारळ फोडला.

घड्याळ झोपेलाही गुण द्यायचं. सर ते शाळेत येऊन सांगायचे. गुण चांगले असले की वाऱ्यांचे पट्टे आणि सागरी प्रवाह शिकवायचे. गुण कमी असले की म्हणायचे, "आज मी काठावर पास आहे. नकाशा भरून घेतो."

दारातून कोणी हाक मारली तर न थांबता पुढे जाणं त्यांना जमायचं नाही. ते त्यांच्या अंगातच नव्हतं. "कोण गेलं?" असं विचारलं की ते घड्याळ थांबवायचे, कोणी गेलेलं नाही हे सांगायचे, समोरच्याच्या घरची चौकशी करायचे, चहाला नाही म्हणायचे, आणि घड्याळ परत सुरू करायचे. त्यामुळे गावातून ओढ्यापर्यंतचं त्यांचं पळणं बरंचसं उभ्यानंच व्हायचं.

याच भिडेपायी एसटीचं ते प्रकरण घडलं. एका सकाळी सर रस्त्याच्या कडेनं पळत होते आणि मागून एसटी आली. ड्रायव्हरला वाटलं, गुरुजी गाडी पकडायला धावतायत. त्यानं गाडी थांबवली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. आतल्या सगळ्या माणसांनी खिडकीतून पाहिलं. एवढी माणसं आपल्यासाठी खोळंबलीत आणि आपण म्हणायचं, मला यायचं नाही, हे सरांना जमेना. ते चढले. पुढच्या थांब्यावर उतरून परत पळत आले. घड्याळ बंद करायचं मात्र राहिलं.

घड्याळानं काय पाहिलं, तर ठोके बसल्यासारखे शांत आणि वेग एसटीचा. असं शरीर त्यानं आधी पाहिलेलं नसावं. त्यानं सरांचं अभिनंदन केलं, सगळ्यात वेगवान किलोमीटर म्हणून तो नोंदवून ठेवला, आणि या माणसाची ताकद जगावेगळी आहे असा समज करून घेतला. मग रोज सकाळी त्या समजाला साजेसा वेग सुचवू लागलं आणि रोज संध्याकाळी सांगू लागलं की तुमची घसरण होतेय. मी म्हटलं, तेवढी एक नोंद पुसून टाका. सर म्हणाले, "मी पळत नव्हतो हे खरं आहे. पण त्यानं जे पाहिलं ते खोटं कसं म्हणू?" जवळजवळ वर्षभर ते रोज नापास होत राहिले आणि आपल्या हळू वेगानं पळत राहिले.

रूपाली त्यांच्याकडे आली ती याच काळात.

ती आमची जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन पालीतच दिलेली, पदरात तीन वर्षांची मुलगी, नवरा गडावर येणाऱ्यांना जीपनं आणायचा-सोडायचा. तिला पोलीस व्हायचं होतं. दोनदा भरतीला गेली आणि दोन्ही वेळा आठशे मीटरमध्ये अडकली. सुटताना सगळ्यांच्या पुढे, आणि शेवटच्या फेरीत पाय उचलेना. वय भरत आलं होतं. सासूनं तिला सांगून टाकलं होतं, "आता एकदा जा. त्या बारीला झालं तर झालं. मग पळायचं नाव काढायचं न्हाई." सासू वाईट नव्हती. पहाटे नात तीच सांभाळायची. पण किती वर्षं सांभाळणार, हा तिचा प्रश्न बरोबर होता.

सरांनी रूपालीला एकच विचारलं, रोज कसं पळतेस? ती म्हणाली, "जीव तोडून, सर."

"रोज?"

"रोज."

"मग भरतीच्या दिवशी तोडायला काय उरणार?"

त्यांनी तिला सांगितलं की आठवड्यातले बहुतेक दिवस हळू पळायचं आणि फक्त दोन दिवस जोरात. हळूच्या दिवशी सरांचं घड्याळ हाताला बांधायचं आणि ते थरथरलं की त्याच्या पुढे जायचं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. आपण चुकीच्या माणसाकडे आलो, असंच ते होतं.

अडचण आणखी एक होती. मास्तरांनी आणि गावच्या सुनेनं उजाडताना रस्त्यावर दोघांनीच पळायचं, हे पालीत चालणार नव्हतं. ते मलाही माहीत होतं आणि सरांनाही. म्हणून सर माझ्याकडे आले. माझ्याकडे स्कूटी होती. मी मागून यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की त्या वेगाला स्कूटी चालत नाही. दोन्ही पाय रस्त्याला टेकवत मी ओढ्यापर्यंत गेले आणि तिथं गाडीसकट आडवी झाले. दुसऱ्या दिवसापासून मी चालत गेले. चालूनही त्यांना गाठता येत होतं. पुढे मीही पळू लागले, पण ते राहू दे.

घड्याळ रूपालीच्या हातावर बांधायचं तर आधी त्यातून सरांना काढायला हवं होतं. नाहीतर त्यानं तिलाही एसटीच्या वेगानं पळायला लावलं असतं. सरांनी ते मोबाईलला कधी जोडलं नव्हतं. माझे ठोके कंपनीला कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जे काही होतं ते घड्याळातच होतं. भाटघरच्या पाण्याच्या कडेनं पळलेले सगळे रविवार, पावसात छत्री धरून पळलेले, तापातून उठल्यावरचे. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी एक बटण दाबून धरलं. घड्याळानं विचारलं, सगळं पुसू का? सरांनी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा हो म्हटलं. पडदा काळा झाला. घंटा झाली आणि ते सातवीच्या तासाला गेले.

मग रूपालीचं हळू पळणं सुरू झालं. ठोके ठरलेल्या रेषेवर गेले की घड्याळ मनगटावर थरथरायचं आणि तिला वेग कमी करावा लागायचा. चढावर तर चालावं लागायचं. उपनद्यांऐवजी सरांनी तिला लेखी परीक्षेचं सामान्य ज्ञान म्हणायला लावलं. महाराष्ट्राचे जिल्हे नागपूरकडून सुरू करून ती म्हणत जायची. सुरुवातीला तिचा श्वास विदर्भातच तुटायचा. महिन्या-दोन महिन्यांनी ती त्याच ठोक्यांमध्ये कोकणापर्यंत येऊ लागली, आणि वेगही पहिल्यापेक्षा चांगला. ते घड्याळात दिसत होतं. गावाला दिसत नव्हतं. गावाला दिसत होती म्हशींच्या मागे पळणारी सून. सासू एकदा अंगणातूनच म्हणाली, "एवढंच पळायचं तर येताना गवताचा भारा तरी आन."

जोरात पळायचे दोन दिवस शाळेच्या मैदानावर असायचे. चार फेऱ्यांत आठशे मीटर भरतील असा गोल सरांनी चुन्यानं आखला होता. प्रत्येक फेरीला रूपाली बटण दाबायची आणि घड्याळ त्या फेरीचा वेळ दाखवायचं. तिची पहिली फेरी आणि शेवटची फेरी एकाच बाईनं मारल्यात असं कोणी म्हटलं नसतं. सर म्हणायचे, "चारी फेऱ्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसल्या पाहिजेत. थोरलीला आवर." थोरलीला आवरणं तिला सगळ्यात जड गेलं. सुटल्या सुटल्या मागे राहायचं, हे तिच्या मनाला पटायचंच नाही. पण आकडे समोर होते, आणि आकड्यांशी भांडता येत नाही, हे ती माझ्या वर्गात शिकली होती.

ते जमू लागलं तशी सरांनी घड्याळाच्या पडद्यावर चिकटपट्टी लावली. भरतीच्या मैदानात घड्याळ नेऊ देत नाहीत. आता तिनं फेरी संपली की आधी वेळ सांगायचा आणि मग पट्टी उचलून बघायचं. पहिल्यांदा फार चुकायची. नंतर कमी चुकू लागली. चूक अगदीच थोडी उरली तेव्हा सर खूश झाले असावेत. ते म्हणाले, "बरं."

इतकं सगळं बरं चाललेलं असताना भात काढणी आली.

दिवसभर कापायचं, बांधायचं, वाहायचं, झोडायचं. घड्याळात भात काढणी नावाचा व्यायाम नाही. त्याला फक्त एवढंच कळत होतं की ही बाई रात्री झोपते आणि सकाळी ठोके कालच्यापेक्षा वरच असतात. सरांचा नियम होता, सकाळी उठून बसायच्या आधी ठोके बघायचे. ते शांत असतील तर कालचा शीण गेला. चढलेले असतील तर गेलेला नाही, आणि त्यावर पळलं तर पाय तरी धरेल नाहीतर ताप तरी येईल. आठवडाभर ते चढतच राहिले. भरतीला थोडेच दिवस उरले होते. शेवटी सर तिच्या घरी गेले. मी सोबत होतेच.

अंगणात फळी टाकून सासू भाताच्या पेंढ्या झोडत होती आणि रूपाली शेजारी उभी राहून त्या पुढे करत होती. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सासूनं हात न थांबवता ऐकलं.

"म्हंजी तिनं काम करायचं न्हाई," ती म्हणाली.

"थोडे दिवस, मावशी."

"कामानं मानूस मरत न्हाई, सर. म्या काय मेले न्हाई. कोन म्हनतंय ती दमली म्हनून?"

"घड्याळ म्हणतंय."

सासूनं पेंढी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि मनगट पुढे केलं. "बांदा. बगू मला काय म्हनतंय."

सरांनी रूपालीच्या हातावरचं घड्याळ काढून तिच्या हातावर बांधलं. तिला जोत्यावर बसवलं आणि थोडा वेळ गप्प राहायला सांगितलं. हे शेवटचं तिला अवघड गेलं. हिरवा दिवा लागला. सरांनी आकडा पाहिला, घड्याळ सोडलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि तिच्या दुसऱ्या हाताला बांधलं. परत पाहिलं. मग तिच्या नाडीवर बोटं ठेवून, उजव्या हातावरच्या घड्याळात बघत, स्वतः मोजले.

"मावशी, तुम्ही काय करता?"

"भात झोडतीया. दिसत न्हाई व्हय?"

"एरवी?"

"एरवी गडावर ताक न्यायचं. इकायला. शनवार-रविवार दोनदा बी जावं लागतंय."

"चढताना घाई करता?"

सासूनं माझ्याकडे पाहिलं, मास्तरांचं डोकं ठीक आहे ना, अशा नजरेनं. "डोक्यावर हंडा आन् घाई कशी करायची? ताक हिंदकळंल की."

सर जोत्यावर तिच्या शेजारी बसले. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ते रूपालीला म्हणाले, "तुझ्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून हेच करतायत. फक्त वर ताक घेऊन."

"म्हंजी माजं चांगलं हाय?" सासूनं विचारलं.

"खेळाडूंचं असतं तसं आहे. ठोके संथ."

"आन् हिचं?"

"हिचं सध्या तुमच्यापेक्षा वाईट आहे."

सासूनं सुनेकडे पाहिलं. मग पेंढी उचलली आणि फळीवर हाणली.

"मग बस की तितं," ती म्हणाली. "हुबी कशाला ऱ्हायलीस?"

त्या दिवसापासून घड्याळावर तिचा पूर्ण विश्वास बसला. तिनं बहिणीला झोडणीला बोलावून घेतलं. पहाटे रूपाली जरा वेगानं निघाली तरी अंगणातून हाक यायची, "ताक सांडतंय!" आपल्या हृदयाची बातमी तिनं स्वतःच गावभर केली. पुढचे काही दिवस सरांच्या खोलीसमोर बायका मनगट पुढे करून उभ्या राहायच्या. सर सगळ्यांचे ठोके बघायचे आणि कोणालाही कमी गुण द्यायचे नाहीत.

रूपालीचे सकाळचे ठोके खाली यायला दहाएक दिवस लागले. खाली आले तेव्हा भरती आलीच होती.

मैदान पुण्याला होतं. रूपालीच्या नवऱ्याच्या जीपनं आम्ही सगळे गेलो. फाटकावर मोबाईल, घड्याळ सगळं बाहेर ठेवायला सांगितलं. रूपालीनं घड्याळ काढून सरांच्या हातात दिलं. ते त्यांनी डाव्या मनगटावर बांधलं आणि तिला म्हणाले, "थोरलीला आवर." ती आत गेली.

बाहेरून काही दिसत नव्हतं. उंच भिंत होती. मधूनमधून शिट्टी ऐकू यायची, पण कोणत्या गटाची ते कळायला मार्ग नव्हता. सासू नातीला भाकरी भरवत होती. नवरा जीपपाशी जाऊन येऊन होता. सर एका कट्ट्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी चहा विचारला, तर नको म्हणाले. सासूनं विचारलं, "आता पळत असंल का वो?" ते म्हणाले, "माहीत नाही, मावशी."

मग घड्याळ थरथरलं. सरांनी पाहिलं आणि बाही खाली ओढली. थोड्या वेळानं ते परत थरथरलं. तिसऱ्यांदा मीच त्यांची बाही वर करून वाचलं. घड्याळाचं म्हणणं असं होतं की तुम्ही बसलेले दिसता, पण तुमचे ठोके फार वाढलेत.

"सैल बांधलं गेलंय," सर म्हणाले. त्यांनी पट्टा एक घर घट्ट केला. घड्याळ तरीही गप्प बसलं नाही.

उन्हं चढल्यावर रूपाली बाहेर आली. गुडघ्यापर्यंत धूळ होती. सरळ सरांपुढे येऊन म्हणाली की सुटताना सगळ्या पुढे गेल्या आणि ती मागे राहिली, शेवटच्या फेरीत त्या एकेक करून भेटत गेल्या, आणि लागतील त्यापेक्षा जास्त गुण मिळाले. सासूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नात तिच्या कडेवर दिली. लेखी परीक्षा पुढे झाली, तीही ती पास झाली, आणि आज ती पोलिसात आहे.

सरांनी घड्याळ सोडून तिच्याकडे दिलं. एका हातानं मुलीला सांभाळत ती पडद्याकडे बघत राहिली.

"सर, हे कोणाचे ठोके? बसल्या जागी एवढे?"

सर उठले, पँट झटकली.

"तुझेच असतील," ते म्हणाले. "खाली यायला वेळ लागतो."